सिक्लिड टँकमध्ये एकेक करून मासे मरतायत, नवीन आणला की तोही जातो: गडबड नक्की कुठंय ते कसं शोधायचं

हा प्रॉब्लेम सगळ्यांचा थोड्याफार फरकाने सारखाच असतो. टँक सेट झाला, पाच-सहा रंगीत सिक्लिड (मुख्यतः आफ्रिका-अमेरिकेतले, हद्द राखणारे भांडखोर मासे) आणले, सुरुवातीचे दोन-तीन महिने एकदम मस्त, आणि मग एक दिवस एक मासा हीटरच्या मागे उभा दिसतो, शेपूट कुरतडलेलं, रंग उतरलेला, खायला टाकलं तरी बाहेर येत नाही, आणि चार दिवसात गेला. त्याच्या जागी नवा आणला तर तो दुसऱ्या दिवशी सकाळीच तळाशी. मग कोणीतरी सांगतं की तो मोठा निळा आहे ना, तोच दादागिरी करतोय, त्याला काढ. निळा काढला, आठ दिवस शांतता, आणि मग इतके दिवस गरीब वाटणारा पिवळा सुरू झाला. पहिले पाढे पंचावन्न.

असं का होतं, तर सिक्लिडमध्ये नंबर असतात. एक नंबरवाला काढला की दोन नंबरवाला वर सरकतो. सगळ्यात खालचा मेला की त्याच्या वरचा खाली येतो, किंवा तुम्ही नवीन आणलेला मासा थेट त्या खालच्या जागेवर जाऊन बसतो, कारण त्याला टँकमध्ये स्वतःची हद्दच नाहीये. म्हणजे मासे बदलत राहिले तरी मार खायची ती जागा तशीच राहते. म्हणून मेलेल्याच्या जागी लगेच दुसरा आणणं आधी बंद करा. कारण सापडेपर्यंत एकही नवीन मासा नाही, हे जमलं तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

आता आधी पाणी बघून घ्या, कारण अर्ध्या वेळेला शिव्या माशाला पडतात आणि दोष पाण्याचा असतो. टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत, नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली, 20 च्या आसपास असेल तर उत्तम. आफ्रिकन सिक्लिडवाल्यांनी अमोनियाकडे जास्तच लक्ष द्या. पीएच जितका वर तितका अमोनिया जास्त विषारी रूपात असतो, त्यामुळे पीएच 6.5 च्या टँकमध्ये खपून जाणारा थोडासा अमोनिया 8.4 च्या टँकमध्ये मासे मारतो. आणि नवीन टँकमध्ये सायकलिंग (म्हणजे फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार होणं) पूर्ण न होऊ देता एकदम पंधरा मासे टाकले असतील तर बाकी काही शोधायचीच गरज नाही, उत्तर तेच आहे.

पाण्याचा प्रॉब्लेम आणि मारामारीचा प्रॉब्लेम ओळखायला फार अवघड नाही. पाणी खराब असलं की बहुतेक सगळेच मासे बिघडतात, सगळे वर येऊन धापा टाकल्यासारखे श्वास घेतात, कल्ले जोरजोरात हलतात, अंग दगडावर घासतात, आणि दादा मासासुद्धा सुस्त होतो. मारामारी असली की एक किंवा दोनच मासे वाईट अवस्थेत असतात आणि बाकीचे टुणटुणीत असतात, जेवायला पुढे, रंग झकास. मार खाणारा मासा ठराविक जागी सापडतो: पाण्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, फिल्टरच्या पाइपजवळ. फिन्स अंगाला चिकटलेल्या, खवले निघालेले, कधी डोळ्याला इजा. आणि एक लक्षात ठेवा, अंगावर एकही जखम नाही म्हणून मारामारी नाही असं समजू नका. सतत पाठलाग होत असलेला मासा खात नाही, झोपत नाही, प्रतिकारशक्ती संपते आणि मग साध्या कशानेही जातो. लोक म्हणतात कसा मेला कळलंच नाही, अंग तर स्वच्छ होतं.

हे सगळं बघायला एक काम करा, खुर्ची टँकपासून सात-आठ फूट लांब ठेवा आणि वीस मिनिटं नुसते बसा. जवळ गेलात की सगळे मासे खायला मिळणार म्हणून काचेला येतात आणि भांडण विसरतात, त्यामुळे जवळून बघणाऱ्याला टँक नेहमी शांतच वाटतो. लांबून बघितलं की कळतं कोण कुणाच्या मागे किती लांबपर्यंत जातोय. दोन फूट पळवून परत आपल्या दगडाकडे येतो तो हद्द राखतोय, ते चालतं, सिक्लिड आहे म्हटल्यावर तेवढं होणारच. पण जो टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, समोरचा लपला तरी शोधून काढून परत मारतो, तो मारणारच. नुसती नजरानजर, फिन्स फुलवणं, आडवं उभं राहून थरथरणं, अगदी तोंडात तोंड धरून ओढाओढी, यातलं काही जीवघेणं नसतं जर दोघं सारख्या ताकदीचे असतील तर. काळजी करायची ती एकतर्फी मामल्याची.

लपणारा प्रत्येक मासा मार खाणारा नसतो हेही इथंच सांगून टाकतो. आफ्रिकेतल्या मलावी तळ्याच्या बऱ्याच जातींमध्ये मादी अंडी तोंडात धरते, साधारण तीन आठवडे काहीच खात नाही, घसा खाली फुगलेला दिसतो, तोंड चघळल्यासारखं हलत असतं, आणि ती कोपरा धरून बसते. तिला आजारी समजून औषधं ओतणारे खूप आहेत. ती बरी आहे, तिला राहू द्या.

आता मुद्द्याचं, टँकमध्ये नक्की कोण आहे हे तुम्हाला माहितीये का? नव्वद टक्के घोळ इथंच असतो असं माझं मत आहे. दुकानात एका टाकीत दीड-दोन इंचाची मिक्स आफ्रिकन पिल्लं असतात, पिवळी, निळी, पट्ट्यांची, आपण रंग बघून सहा उचलतो. त्यात समजा यलो लॅब आली, जी म्बुनामध्ये (म्हणजे मलावीच्या दगडात राहणाऱ्या छोट्या सिक्लिडमध्ये) सगळ्यात शांत जातींपैकी एक, आणि तिच्याबरोबर ऑराटस आला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुंदर पिवळा मासा. हा नर मोठा झाला की पिवळा राहत नाही, गडद काळपट होतो आणि चार इंचाचा असूनही अख्खा टँक रिकामा करू शकतो. केनयीचं तर उलटंच, पिल्लं आणि माद्या निळ्या, नर मोठा होताना पिवळा होतो, त्यामुळे निळा आणलेला मासा काही महिन्यांनी पिवळा पडला की लोकांना वाटतं आजारी पडला, आणि पुढे तो यलो लॅब समजून इतरांना दिलाही जातो. ऑराटस आणि केनयी या दोघांचा नर मिक्स टँकमध्ये ठेवायचाच नाही असं मी सरळ सांगतो, किती का गोंडस दिसत असेना. डेमासनी छोटा आहे, तीन इंचाच्या आत-बाहेर, पण आपल्याच जातीवर इतका तुटून पडतो की चार-पाच ठेवले तर शेवटी एकच उरतो. ठेवायचे तर बारा-पंधराचा गट ठेवायचा नाहीतर नाही. शांत बाजूला यलो लॅब, एसी म्हणजे निळ्या अंगाचा पिवळ्या शेपटीचा तो, आणि रस्टी. नवशिक्याने या तिघांवरच पहिला टँक करावा, दिसायला पण वाईट दिसत नाही.

तेव्हा पहिला उपाय हाच, टँकमधल्या प्रत्येक माशाचा नीट फोटो काढा, जात ओळखा, आणि तो मोठेपणी किती इंचाचा होतो ते लिहून काढा. त्या यादीत पाच इंचाचा आणि बारा इंचाचा मासा शेजारी शेजारी दिसला तर बाकी काही करायची गरज नाही, एक जण जाणार आहे. आज सारखे दिसतात ते वय लहान आहे म्हणून. व्हेनस्टस नावाचा मलावीचा मासा लहानपणी बाकी सगळ्यांच्यात मिसळून जातो, मोठा झाला की दहा इंच आणि मुळात शिकारी. त्याचा भाऊबंद लिव्हिंगस्टोनी तर मेल्याचं सोंग घेऊन तळाशी आडवा पडतो आणि जवळ आलेला छोटा मासा गट्ट करतो. हे वाचायला मजेशीर वाटतं पण तुमच्या टँकमधले छोटे मासे गायब होत असतील, प्रेतसुद्धा सापडत नसेल, तर असला कोणी आहे का बघा. जो तोंडात मावतो तो खाल्ला जातो, यात स्वभावाचा काही संबंध नाही. एंजल हा दिसायला इतका साधा आहे पण तोही सिक्लिडच, मोठा झाल्यावर निऑन टेट्रा खातो. लोक लहान एंजल आणि निऑन एकत्र आणतात, सहा महिने छान, मग निऑन रोज एक-दोन कमी. आजार नाहीये तो.

आता वेगवेगळ्या तळ्यांचे, नद्यांचे मासे एकत्र करण्याबद्दल. यात लोक फक्त पीएच बघतात. मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण 7.8 ते 8.6, टांगानिका या दुसऱ्या आफ्रिकन तळ्याचा त्याहून वर, 9 च्या आसपास, दोन्हीकडे पाणी जड, म्हणजे क्षारवालं. उलट डिस्कस, रॅम, एपिस्टो या दक्षिण अमेरिकेतल्या सिक्लिडना मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं आणि डिस्कसला तर 28 ते 30 अंश गरम. म्हणजे डिस्कस आणि म्बुना एकत्र हा विषयच नाही. पण हल्ली बरेचसे मासे फार्मवर वाढलेले असतात, मधल्या पीएचला जगतात, आणि मग लोक म्हणतात बघा सगळं चालतंय, पीएच वगैरे काही नसतं. पाण्याचं एक वेळ जमून जाईल, वागणं कसं जमणार? फायरमाउथचं उदाहरण घ्या, मध्य अमेरिकेतला मासा, गळा लाल, भांडणाची वेळ आली की कल्ले फुगवून डोकं दुप्पट करून दाखवतो. हा सगळा त्याचा आव असतो, त्याच्या भागातले मासे बघून मागे हटतात म्हणून त्याचं भागतं. तोच म्बुनांच्या टँकमध्ये टाकला तर त्या फुगवलेल्या कल्ल्यांना कोणी हिंग लावून विचारत नाही, सरळ येऊन चावतात. म्बुना दिवसभर पळापळ करणारे, सेव्हरम किंवा जिओफेगस हे दक्षिण अमेरिकेतले संथ. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत पण एकत्र ठेवले की संथ मासा कायम तणावात राहतो.

मलावीच्या आतच सुद्धा हा घोळ होतो. पीकॉक दिसायला सगळ्यात भारी, म्हणून लोक म्बुनांच्या टँकमध्ये दोन पीकॉक टाकतात, आणि मग विचारतात की याला रंग का येत नाही. कारण तो दबलेला आहे. पीकॉकचा नर दबलेला असला की मादीसारखा राखाडी राहतो. पीकॉक बहुतेक मवाळ, त्यांच्याबरोबर मोठे शांत हॅप्स (मलावीचेच, मोकळ्या पाण्यात फिरणारे) चालतात, म्बुनांपैकी फार तर यलो लॅब किंवा एसी. आणि खाण्याचाही फरक आहे. म्बुना मूळचे दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, त्यांना शाकाहारी बाजूचं, स्पिरुलिनावालं खाणं लागतं. पीकॉक-हॅप्सना प्रोटीन जास्त चालतं. एकच खाणं सगळ्यांना टाकलं, त्यात रोज ब्लडवर्म वगैरे, तर म्बुनांना ब्लोट म्हणजे पोट फुगण्याचा आजार होऊ शकतो: आधी खाणं सोडतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते, मग पोट फुगतं, मग खवले उभे राहतात आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. हे मारामारीशी जोडून सांगतोय कारण दोन्ही गोष्टी एकमेकांत अडकलेल्या असतात. तणावातल्या माशाला ब्लोट लवकर होतो, आणि ब्लोट झालेला मासा कमजोर दिसला की बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. तुम्हाला फक्त शेवटचा सीन दिसतो. खाणं सोडल्याच्या टप्प्यातच वेगळं काढून मेट्रोनिडाझोल या औषधाची ट्रीटमेंट दिली तर वाचायची शक्यता असते.

मग येतो नर-मादीचा हिशोब. एका म्यानात दोन तलवारी बसत नाहीत हे म्बुनांइतकं कोणाला लागू पडत नसेल, आणि इथं दुसरी तलवार त्याच जातीची असायचीही गरज नाही, सारखी दिसली तरी पुरे. निळ्यावर काळे उभे पट्टे असलेल्या दोन वेगळ्या जाती एकत्र ठेवल्या तरी ते एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. पिवळा पीकॉक आणि पिवळी यलो लॅब यांच्यातही कधी कधी होतं. म्हणून जाती निवडताना प्रत्येकीचा रंग आणि पट्टे वेगळे ठेवा, एक आडव्या पट्ट्यांची, एक उभ्या पट्ट्यांची, एक सपाट रंगाची. दुसरी गोष्ट, एक नर एक मादी अशी जोडी म्बुनात आणू नका. नर मादीच्या मागे लागतो, तिला अंडी द्यायची नसतील तरी, आणि ती एकटी असली की सगळा त्रास तिलाच. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवल्या की तो त्रास वाटला जातो. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही म्हणून एका जातीची सहा-सात पिल्लं आणायची आणि मोठी झाल्यावर जादा नर कमी करायचे, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. पीकॉकमध्ये नुसत्या नरांचाच टँक करणारे खूप आहेत, प्रत्येक जातीचा एकच नर, एकही मादी नाही, आणि ते बऱ्यापैकी चालतं कारण भांडायचं मुख्य कारणच टँकमध्ये नसतं. एक मादी आली की सगळं बिनसतं. माद्या ठेवायच्याच असतील तर पीकॉकच्या वेगवेगळ्या जाती एकत्र करू नका, माद्या जवळपास सारख्या दिसतात, संकर होतो आणि पिल्लं नक्की कशाची हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

आता सगळ्यात उलटा वाटणारा मुद्दा. तुमच्या चार फुटी टँकमध्ये पाचच म्बुना असतील आणि मारामारी होत असेल तर मासे कमी करून फायदा होणार नाही, उलट वाढेल. पाच माशांमध्ये दादाला प्रत्येक जण ओळखीचा असतो, आज कोणाला पकडायचं ते ठरलेलं असतं. तेच अठरा-वीस मासे असले की एकाच्या मागे लागता लागता मध्ये दुसरा येतो, तिसरा त्याच्या हद्दीत घुसतो, आणि मार सगळ्यांना थोडा थोडा बसतो, कोणा एकालाच मरेस्तोवर बसत नाही. साधारण 250 लिटरच्या चार फुटी टँकमध्ये 18 ते 20 छोट्या जातीचे म्बुना हा बऱ्याच जणांचा चाललेला हिशोब आहे. पण हे फक्त म्बुनांपुरतं! ऑस्कर, जॅक डेम्प्सी, ग्रीन टेरर या मोठ्या अमेरिकन सिक्लिडना हा नियम लावला तर आगीतून फुफाट्यात जाल. आणि म्बुनातही गर्दी करायची तर फिल्टर तेवढा दणकट पाहिजे, तासाला टँकच्या आठ-दहा पट पाणी फिरवणारा, आणि आठवड्याला 40-50 टक्के पाणी बदल. तेवढं करायची तयारी नसेल तर गर्दीचा उपाय विसरा, मारामारीने नाही मेले तर नायट्रेटने मरतील.

अमेरिकन सिक्लिडचा प्रॉब्लेम वेगळ्या पद्धतीने येतो, तो एका रात्रीत येतो. कालपर्यंत सगळं शांत होतं, आज सकाळी आठ मासे एका कोपऱ्यात कोंबलेले आणि दोनच मासे बाकी सगळ्या टँकचे मालक. जोडी लागली. कॉन्व्हिक्टमध्ये हे हमखास होतं, चार-पाच इंचाचा मासा पण अंडी-पिल्लं असली की स्वतःच्या दुप्पट माशाला पळवतो. एंजलचंही तेच, सहा लहान आणले, त्यातल्या दोघांची जोडी झाली, बाकी चार आता नकोसे. रॅम आणि आफ्रिकेतला क्रिबेन्सिस हेही जोडीवालेच, फक्त लहान असल्यामुळे नुकसान कमी. इथं दगड हलवून, लाइट बंद करून काही होत नाही. तिन्ही पर्याय नावडते आहेत: जोडी वेगळ्या टँकमध्ये हलवा, नाहीतर बाकीचे हलवा, नाहीतर जोडीतला एक काढा. तात्पुरतं म्हणून मध्ये जाळीचा डिव्हायडर टाका, पण त्याच्या भरवशावर सहा महिने काढू नका, मासे वाढतात आणि अर्ध्या टँकमध्ये मावत नाहीत. टांगानिकातला ब्रिचार्डी तर आणखी पुढचा, त्यांची मोठी पिल्लं आई-बापांबरोबर राहून नंतरच्या पिल्लांना सांभाळतात, म्हणजे सुरुवात जोडीने होते आणि वर्षभरात टोळी झालेली असते. ब्रिचार्डी ठेवायचा तर एकट्या जातीचाच टँक करा.

ऑस्करबद्दल रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून थोडक्यात. बारा इंच होतो, पहिल्या वर्षातच बराचसा वाढतो, तोंडात मावेल ते खातो, एकाला निदान 280-300 लिटर द्या. स्वभावाने तो तसा बुजरा आहे, त्याच्याबरोबर आपल्यापेक्षा भांडखोर मासा ठेवला तर मार ऑस्करच खातो. मोठे सिल्व्हर डॉलर त्याच्याबरोबर चांगले जातात. कोरीडोरस ठेवू नका, त्याच्या फिनला काटा असतो, ऑस्कर गिळायला जातो, काटा घशात अडकतो आणि दोघंही मरतात. फ्लॉवरहॉर्न हा तर माणसाने तयार केलेला संकर, 1990 च्या दशकात मलेशियात पुढे आला, त्याला जोडीदार शोधायचा नाद सोडा. एक टँक, एक फ्लॉवरहॉर्न. त्याच्याबरोबर कोण राहील असं विचारणाऱ्यांना खरं उत्तर नकोच असतं. आणि ब्लड पॅरट, तोही संकर, त्याचं तोंड नीट मिटत नाही त्यामुळे तो धावून गेला तरी फार चावू शकत नाही, म्हणजेच खऱ्या भांडखोर माशासमोर तो हरणार. त्याला कॉन्व्हिक्टबरोबर ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. इलेक्ट्रिक ब्लू अकारा, सेव्हरम यांच्याबरोबर ठेवा.

सिक्लिड सोडून दुसरे मासे कोणते टाकायचे, तर यांचा उपयोग नुसता शोभेचा नसतो. वरच्या थरात फिरणारा चपळ मासा टँकमध्ये असला की बुजरे सिक्लिड बाहेर येतात, कारण वरचे मोकळे फिरतायत म्हणजे धोका नाही असं त्यांना वाटतं, आणि दादाचं लक्षही वाटलं जातं. मध्यम अमेरिकन सिक्लिडबरोबर जायंट डॅनिओ, ब्युनोस आयर्स टेट्रा. मलावीबरोबर बोसेमानी रेनबो, त्याला जड पाणी चालतं आणि तो पळण्यात कोणाला सापडत नाही. तळाला सिनोडोंटिस कॅटफिश, त्यातल्या काही जाती टांगानिकाच्याच आहेत, अंगाने चिवट, रात्री फिरणारा. शेवाळासाठी ब्रिसलनोझ प्लेको. साधा प्लेको नको, तो दीड फुटापर्यंत जातो आणि जेवढं शेवाळ खातो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. टायगर बार्ब एंजलबरोबर नको, लांब फिन्स कुरतडतात. गोल्डफिश, गप्पी, मॉली यांना सिक्लिडच्या टँकमध्ये टाकणं म्हणजे खाणं टाकणंच झालं, जड पाणी मॉलीला आवडतं म्हणून म्बुनाबरोबर चालेल असा एक सल्ला फिरत असतो, त्याच्या नादी लागू नका.

यादी बरोबर आहे, संख्या बरोबर आहे, तरी मारामारी चालूच, तर टँकच्या आत बघा. सिक्लिडला लांबी-रुंदी लागते, उंची नाही. दोन फूट उंच आणि तीन फूट लांब टँक दिसायला भारी पण तळ छोटा, आणि हद्दी तळावर पडतात. चार फुटाखाली म्बुना करू नयेत असं माझं मत, अगदी हट्टच असेल तर तीन फुटात एकच शांत जात. दगड असे रचा की एका टोकाला उभ्या माशाला दुसरं टोक दिसणार नाही. मध्ये एक उंच रास, दोन बाजूंना दोन, कपारी भरपूर आणि प्रत्येक कपारीला दोन तोंडं. एकच तोंड असलेली कपार लपायला चांगली वाटते, पण दादा तोंडाशी येऊन उभा राहिला की आतल्याला पळायला वाट नाही. एकच मोठी गुहा ठेवली की तिच्यावरूनच युद्ध होतं, त्यापेक्षा दहा छोट्या बऱ्या. दगड वाळूवर ठेवू नका, आधी काचेच्या तळावर दगड बसवा आणि मग वाळू ओता. हे मासे सतत उकरतात, खालची वाळू निघाली की रास कोसळते, माशावर किंवा काचेवर. तापमान 28 असेल तर म्बुनांसाठी 25 वर आणा, थोड्या थंड पाण्यात धावपळ जरा कमी होते.

एवढं सगळं झालं की मग नवीन मासे आणा. आधी दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत, म्हणजे आजारही कळतात आणि तो खाऊन-पिऊन तगडा होतो. एकटा कधीच टाकू नका, निदान तीन-चार एकदम, आणि आतल्यांच्या बरोबरीच्या साइझचे, कारण दीड इंचाचं पिल्लू चार इंचवाल्यांमध्ये टाकून ते वाढेल म्हणून वाट बघण्यात काही अर्थ नाही. टाकायच्या आधी सगळे दगड हलवून नवीन रचना करा, म्हणजे जुन्यांच्या हद्दीही पुसल्या जातात आणि सगळेच नवीन होतात. आतल्यांना पोटभर खायला घाला, लाइट बंद करा, मग नवे सोडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लाइट लावू नका. पहिल्या दोन दिवसात पळापळ होणार, लगेच घाबरून जाळी घालू नका, नवा मासा खायला पुढे येतोय का तेवढं बघा. खात असेल तर तो टिकेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तो वरच्या कोपऱ्यातच असेल तर काढा.

दादाला शिक्षा म्हणून वेगळं ठेवायचा उपायही चालतो, फक्त दोन दिवसांनी परत टाकून काही होत नाही. एक-दोन आठवडे बाहेर ठेवा, तेवढ्यात बाकीच्यांचे नंबर नव्याने लागतात, मग दगड हलवून त्याला शेवटी आत सोडा, आता नवखा तो असतो. परत आला आणि तीन दिवसात तेच सुरू झालं तर त्याला कायमचं घर बदला, त्याच्यापायी अख्खा टँक पणाला लावू नका.

मार खाल्लेल्या माशाला बाहेर काढल्यावर औषधांचा मारा करायची गरज नसते. छोटी टाकी, त्याच टँकचं पाणी, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला एक पाइपचा तुकडा, अंधार, आणि रोज थोडं पाणी बदला. फाटलेल्या फिन्स स्वच्छ पाण्यात दोन-तीन आठवड्यात आपोआप भरून येतात, कडा पांढऱ्या कापसासारख्या दिसायला लागल्या तरच बुरशीचं औषध. तो रंगात आला, खायला धावायला लागला की परत टाकायचा विचार करा, आणि टाकायचा तर दुसऱ्या दोन-तीन नवीन माशांबरोबरच टाका, त्याच रात्री, लाइट बंद करून.